पंचविसावा चालू की पंचवीस पूर्ण? अतिअपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वाढीचा तक्ता करताना

आपल्याकडे सातमाशी म्हणतात ते बाळ साधारण तीस आठवड्यांचं असतं. अठ्ठावीस आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलेलं बाळ त्याच्याही अलीकडचं. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत, त्याला ‘एक्स्ट्रीम प्रीटर्म’ म्हणतात. पंचवीस आठवड्यांचा मुलगा सुमारे पावणेआठशे ग्रॅमचा भरतो, म्हणजे तीन पावांना थोडा जास्त. त्याचं रोज वजन करायचं आणि तक्त्यावर टिंब टाकायचं, एवढंच बाहेरच्याला दिसतं. त्या टिंबांखालच्या वळणदार रेघा कुठून आल्या आणि त्या नव्याने काढायच्या तर काय काय करावं लागतं, ते इथे कामाच्या क्रमाने लिहितो आहोत.

सुरुवात मोजमापाने होत नाही, एका शब्दाने होते: ‘संदर्भ’ हवा की ‘मानक’? संदर्भ तक्ता सांगतो की अमुक काळात, अमुक ठिकाणी बाळं किती वाढली. मानक सांगतं की सगळं नीट असताना बाळ किती वाढायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते मानक आहेत. १९९७ ते २००३ या काळात पेलोटास, अक्रा, दक्षिण दिल्ली, ऑस्लो, मस्कत आणि डेव्हिस इथल्या सुमारे साडेआठ हजार मुलांवरून ते केले. आईचं दूध मिळणारी, घरात कुणी विडी-सिगारेट न ओढणारी, बऱ्या परिस्थितीतली मुलं मुद्दाम निवडली होती. हाच विचार गर्भापर्यंत मागे नेला तो इंटरग्रोथ-२१ या प्रकल्पाने. त्याच्या आठ केंद्रांपैकी एक नागपूर. आईचं वय १८ ते ३५, उंची किमान १५३ सेंटिमीटर, बीएमआय १८.५ ते ३० च्या आत, राहण्याचं ठिकाण समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरपेक्षा उंच नाही, अशी चाळण लावून त्यांनी बायका निवडल्या. २०१४ साली आलेला त्यांचा जन्मवेळच्या मापांचा तक्ता २०,४८६ बाळांवर उभा आहे. पण तो ३३ आठवड्यांपासून सुरू होतो.

आमच्या कामाची खरी गाठ इथेच बसते. धडधाकट, धोका नसलेल्या बायका निवडल्या की त्यातल्या जवळजवळ कुणाचीच प्रसूती पंचविसाव्या आठवड्यात होत नाही. गर्भाच्या वाढीसाठी त्या प्रकल्पात ४,६०७ गर्भवती घेतल्या होत्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची जन्मानंतरची वाढ दाखवणारा २०१५ चा तक्ता ज्यांच्यावरून झाला ती बाळं २०१, आणि त्यांतही बहुतेक ३३ आठवड्यांच्या पुढची. हा त्यांच्या कामातला दोष नव्हे, व्याख्येचाच परिणाम आहे. पंचविसाव्या आठवड्यात जन्मणं हेच मुळात काहीतरी बिघडल्याचं लक्षण, मग ‘सगळं नीट असलेलं’ पंचवीस आठवड्यांचं बाळ आणायचं कुठून? म्हणून अठ्ठावीसच्या आतल्या बाळांसाठी कुणी ‘मानक’ असा शब्द वापरला की आम्ही आधी वगळणुकीची यादी मागतो. कुणाला आत घेतलं आणि कुणाला काढलं यावर सगळ्या रेघा ठरतात.

जुने तक्ते का चालत नाहीत, हेही याच नजरेने पाहिलं की कळतं. १९६३ साली लुबचेंको आणि सहकाऱ्यांनी डेन्व्हरमध्ये जन्मवजनांचा तक्ता केला, तो पुढे कित्येक वर्षं जगभर चालला. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे आणि तिथल्या विरळ हवेत बाळं थोडी हलकी जन्मतात. फेंटन यांचा २०१३ चा तक्ता सहा देशांतल्या सुमारे चाळीस लाख जन्मांवरून केला. तो २२ आठवड्यांपासून ५० आठवड्यांपर्यंत जातो (जन्मानंतरही आठवडे आईच्या शेवटच्या पाळीपासूनच मोजत राहतात) आणि आज बहुतेक ठिकाणी खाटेला तोच लावलेला दिसतो. २०२५ साली त्याची तिसरी आवृत्ती आली, तीत गर्भाची वाढ बिघडलेली बाळं वेगळी काढलेली आहेत. अमेरिकेत ओल्सन यांनी २०१० साली २,५७,८५५ बाळांवरून तक्ता केला. २०१६ साली व्हरमाँट ऑक्सफर्ड नेटवर्क या रुग्णालयांच्या जाळ्याच्या नोंदींवरून खास २२ ते २९ आठवड्यांचा तक्ता आला, त्यात १,८३,२४३ बाळं होती. आकडे मोठे आहेत. पण हे सगळे मुख्यतः जन्माच्या क्षणाचे तक्ते आहेत. त्यांवर बाळाचं रोजचं वजन मांडतो तेव्हा काचेच्या पेटीतल्या बाळाची तुलना आपण त्या-त्या आठवड्यात नुकत्याच जन्मलेल्या दुसऱ्या बाळांशी करत असतो. एकाच बाळाचा माग काढून केलेला तक्ता ही वेगळी गोष्ट, आणि कितीतरी अवघड.

निवडीत पहिली खबरदारी जन्माच्या कारणाची. पंचविसाव्या आठवड्यात प्रसूती होते ती गर्भाशयाचं तोंड सैल असल्याने, गर्भजलातल्या जंतुसंसर्गाने, वार सुटल्याने किंवा आईचा रक्तदाब इतका चढल्याने की बाळ बाहेर काढावंच लागतं. तोंड सैल असलेल्या आईचं बाळ बहुधा वयाला शोभेलशा वजनाचं असतं. रक्तदाबापायी काढलेलं बाळ आठवड्यांनुआठवडे उपाशी राहिलेलं, वयाच्या मानाने बरंच हलकं. एखाद्या मोठ्या रुग्णालयात रक्तदाबाच्या बायका जास्त पाठवल्या जात असतील, तर तिथली २६-२७ आठवड्यांची रेघ आपोआप खाली झुकते. म्हणून प्रत्येक बाळापुढे ‘प्रसूती का झाली’ हा रकाना भरलेलाच हवा. नुसतं ‘प्रीटर्म लेबर’ लिहिलेलं चालत नाही, प्रसूतिगृहाच्या केसपेपरावरून कारण काढावं लागतं.

वगळायचं ते कारण पाहून, परिणाम पाहून नाही. जन्मजात व्यंग, गुणसूत्रांचा दोष, अंगभर पाणी झालेलं बाळ वगळलं तर त्याला आधार आहे. पण ‘वजन नीट वाढलं नाही’ म्हणून एकदा काढायला लागलात की उरलेल्यांचा तक्ता छान दिसतो आणि खोटा असतो. आतड्याचा दाह, मेंदूत रक्तस्राव होऊन डोक्यात साठलेलं पाणी, छातीच्या जुनाट आजारासाठी दिलेली डेक्सामेथासोन यांचं काय करायचं, ते मोजमाप सुरू होण्याआधी लिहून ठेवायचं. आकडे पाहिल्यावर ठरवायला बसलो की हात आपोआप हवी ती बाळं काढतो. डोक्यात पाणी साठलेल्या बाळाचं वजन ठेवावं आणि डोक्याचा घेर त्या दिवसापासून सोडावा, असं रकान्यागणिक ठरवणं आम्हाला जास्त पटतं.

आता दिवस. घरी विचारलं की उत्तर येतं, ‘सहावा लागला होता.’ लागला म्हणजे पाच पूर्ण. हाच घोळ आठवड्यांत होतो आणि तो डॉक्टरांच्या नोंदीतही असतो. ‘२५ आठवडे’ म्हणजे २५ पूर्ण होऊन वर शून्य ते सहा दिवस, की पंचविसावा चालू, म्हणजे २४ पूर्ण? पहिल्या अर्थाने घेतलं तरी त्या गटाचं सरासरी वय २५ नसून जवळजवळ साडेपंचवीस असतं. या वयात आठवड्याला साधारण शंभर ग्रॅमचा फरक पडतो, म्हणजे अर्ध्या आठवड्याला पन्नास. पावणेआठशे ग्रॅमच्या बाळात पन्नास ग्रॅम म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त. फेंटन यांनी २०१३ मध्ये पूर्ण आठवड्यांचे आकडे असे सरकवले की नेमक्या दिवसावर टिंब टाकता यावं. नवा तक्ता करताना आठवडा-दिवस असे दोन वेगळे रकाने ठेवायचे आणि ‘अंदाजे’ हा शब्द फॉर्मवर येऊच द्यायचा नाही.

तारखेचा आधार पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी. ९ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान गर्भाची डोकं ते ढुंगण लांबी मोजलेली असावी आणि ती शेवटच्या पाळीच्या तारखेशी सात दिवसांच्या आत जुळावी, ही इंटरग्रोथची अट आम्हाला व्यवहारात पाळता येण्याजोगी वाटते. आयव्हीएफचं बाळ असेल तर काम सोपं: पाच दिवसांचा गर्भ ठेवला असेल तर ठेवल्याच्या तारखेतून १९ दिवस मागे जायचं, ती पाळीची तारीख. जन्मानंतर अंगलक्षणांवरून वय काढण्याचा बॅलार्ड स्कोअर या कामाला घेऊ नये. त्यात दोन आठवड्यांपर्यंतची चूक गृहीतच असते, आणि अगदी लहान बाळांत तो वय जास्त दाखवतो.

तारखा चुकल्या की आकड्यांत ते दिसतं कसं? २८ ते ३१ आठवड्यांच्या वजनांचा आलेख काढा. एक उंचवटा अकराशे-पंधराशे ग्रॅमला येतो आणि पुढे, तीन किलोच्या आसपास, दुसरा लहान उंचवटा. हा दुसरा उंचवटा पूर्ण दिवसांच्या बाळांचा. गर्भारपणात मध्येच अंगावर गेलं, ती पाळी धरली गेली आणि बाळ दहा आठवड्यांनी ‘लहान’ झालं. अशी चारदोन बाळं राहिली तरी ९७ व्या सेंटाइलची रेघ (शंभरातली ९७ बाळं जिच्याखाली येतात ती) आकाशाला भिडते. ती काढायला सरसकट ‘इतक्या ग्रॅमच्या वरचं नको’ अशी कात्री लावू नये. दोन वितरणं मिसळली आहेत असं धरून ती गणिताने सुटी करायची आणि मग संशयित केसपेपर एकेक करून उघडायचे. वेळ जातो, पण याला पर्याय नाही.

मग वजनकाटा. या कामातले निम्मे कष्ट इथे आहेत. सातशे ग्रॅमचं बाळ नीट वाढत असेल तर दिवसाला किलोमागे १५ ग्रॅमच्या हिशेबाने साडेदहा ग्रॅम वाढतं. त्याच्या हाताला सलाईनसाठी बांधलेली स्प्लिंट, चिकटपट्ट्या, तापमानाचा प्रोब, तोंडातली नळी यांचं मिळून वजन याहून सहज जास्त भरतं. काल स्प्लिंट होती, आज काढली, तर बाळ वाढलेलं असूनही काटा कमी दाखवतो. उलटही होतं. म्हणून प्रत्येक वस्तूची कोरी प्रत काट्यावर ठेवून वजनांची यादी आधीच करायची: लहान स्प्लिंट इतकी, मोठी इतकी, कोरा डायपर इतका, सीपॅपची (नाकावाटे हवेचा दाब देणाऱ्या यंत्राची) टोपी इतकी. ती यादी काट्याशेजारी भिंतीला लावायची. सिस्टरने वजन घेताना अंगावर काय आहे त्यावर खुणा करायच्या आणि वजाबाकी नंतर संगणकाने करायची. डोक्यातल्या डोक्यात वजाबाकी करून लिहिलेला आकडा आम्ही घेत नाही, कारण चूक झाली तर मागे जाऊन ती शोधता येत नाही.

व्हेंटिलेटरवरच्या बाळाचं वजन एकट्याने होत नाही. एकीने सर्किट आणि सलाईनच्या नळ्या उचलून धरायच्या, दुसरीने बाळ काट्यावर ठेवून हात सोडायचे, आकडा स्थिर झाला की मोठ्याने वाचायचा. नळी थोडी जरी टेकली तरी काटा वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे होतो. पेटीतच बसवलेला काटा असेल तर बाळाला बाहेर काढावं लागत नाही आणि ऊबही टिकते, पण त्या काट्याखाली गुंडाळलेलं फडकं अडकलं की तो दिवसेंदिवस चुकीचा आकडा दाखवत राहतो. काटा एक ग्रॅमपर्यंत वाचणारा असावा. दर आठवड्याला ५०० ग्रॅम आणि १ किलोच्या प्रमाणित वजनांनी तपासायचा. वेळ ठरलेली, दूध पाजण्याआधीची. रात्रपाळीत वजन करायची पद्धत असेल तर तीच ठेवा, पण एका युनिटात पहाटे चारला आणि दुसऱ्यात सकाळी दहाला असं नको.

आकडे गोळा झाले की शेवटच्या अंकाकडे बघायचं. एक ग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या काट्यावर ० ते ९ हे अंक साधारण सारखेच यायला हवेत. निम्म्या नोंदी शून्यावर संपत असतील तर कुणीतरी ‘७८३’ चं ‘७८०’ करतंय. याबद्दल ओरडून काही साधत नाही. काट्याचा छापील कागद जोडायची अट घातली की अंक ताळ्यावर येतात.

लांबी हा सगळ्यांत दुबळा रकाना. अंथरुणावर बाळ ठेवून टेपने डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलेली लांबी एक-दोन सेंटिमीटरने सहज चुकते. या वयात आठवड्याची वाढच साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर. म्हणजे टेपची चूक एका आठवड्याच्या वाढीएवढी. मागच्या मंगळवारी ३३, या मंगळवारी ३२.५, असं आखडलेलं बाळ फाइलीत भेटलं की टेप वापरल्याचं न सांगता कळतं. लांबी मोजायचा बोर्डच हवा: एक टोक पक्कं, दुसरं सरकणारं. एकीने डोकं दोन्ही हातांनी धरून पक्क्या टोकाला टेकवायचं, नजर सरळ वर. दुसरीने गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती पट्टी तळव्यांना टेकवायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दोन मोजणाऱ्या स्वतंत्रपणे मोजत आणि लांबीत ७ मिलिमीटरपेक्षा, डोक्याच्या घेरात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला की दोघी पुन्हा मोजत. मोठ्या बाळांसाठी ठरवलेली ही सवलत आपल्या बाळांना फार ढिली पडते. लांबीला ५ आणि डोक्याला ३ मिलिमीटर ठेवली तर पुन्हा मोजण्याचे प्रसंग वाढतात, पण सांभाळता येतात.

डोक्याचा घेर न ताणल्या जाणाऱ्या टेपने, भुवयांच्या वर आणि मागे सर्वांत फुगीर भागावरून, तीनदा घ्यायचा आणि सर्वांत मोठा आकडा ठेवायचा. सीपॅपची टोपी काढूनच. टोपीवरून मोजलेला घेर फाइलीत सापडतो, आणि दुसऱ्या दिवशी टोपीशिवाय मोजला की बाळाचं डोकं ‘बसलेलं’ दिसतं. मोजणाऱ्यांची परीक्षाही घ्यावी लागते. महिन्यातून एकदा दहा स्थिर बाळांना प्रत्येकीने दोनदा मोजायचं, फरकांचे वर्ग करून बेरीज करायची, बाळांच्या संख्येच्या दुपटीने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. ही झाली मोजमापाची तांत्रिक चूक. जिची चूक वाढत चाललीय तिच्याबरोबर बोर्डाशी उभं राहून पाहिलं की बहुतेक वेळा कारण एकच निघतं: बाळ कळवळेल म्हणून गुडघा पूर्ण सरळ केलेला नसतो.

आणि एक जागा जी कितीही काळजी घेतली तरी रिकामी राहते. २३-२४ आठवड्यांच्या बाळाला पहिले तीन दिवस शक्यतो हात लावायचा नाही असा नियम असतो, कारण हलवाहलवीने मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. तेव्हा जन्माच्या वेळची लांबी नेमकी त्याच बाळांची नसते ज्यांच्यासाठी तक्ता करायला निघालो. जी थोडी सुदृढ असतात त्यांची मोजली जाते. म्हणजे गाळलेल्या जागा अपघाताने पडलेल्या नाहीत, आजाराने पाडल्या आहेत. त्या सरासरीने भरल्या तर आजारी बाळांना निरोगी बाळांची लांबी चिकटवल्यासारखं होतं. आम्ही त्या आठवड्यांसाठी लांबीची रेघ तुटक काढणं पसंत करतो.

जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांचं वजन हा वेगळाच प्रश्न आहे. या बाळांच्या अंगात पाण्याचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर असतं. जन्मल्यावर पेशींबाहेरचं जास्तीचं पाणी निघून जातं, वजन दहा टक्क्यांच्या आसपास घटतं, चौथ्या ते सहाव्या दिवशी तळ गाठतं आणि बहुतेकांचं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जन्मवजनावर परत येतं. पोटातल्या बाळाचं असं पाणी जात नाही. त्यामुळे जन्मवजनांच्या तक्त्यावर हे बाळ एक पायरी खाली उतरतं आणि तिथून नव्या रेघेला समांतर चालायला लागतं. हा उतार उपासमारीचा नव्हे. नव्या तक्त्यात तो दाखवायचा असेल तर वय एका अक्षावर मावत नाही. जन्मावेळचे आठवडे आणि जन्मानंतरचे दिवस असे दोन हिशेब लागतात: २८ आठवड्यांवर पोचलेलं बाळ २४ ला जन्मलेलं आहे की काल जन्मलेलं, यावर त्याचं ‘योग्य’ वजन बदलतं. छापील कागदावर हे उतरवणं कठीण. म्हणून जन्माच्या आठवड्यागणिक वेगळं पान करावं लागतं आणि प्रत्येक पानासाठी बाळं कमी पडतात.

किती कमी, ते साध्या हिशेबाने दिसतं. समजा २५ आठवड्यांच्या मुलांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, १२० ग्रॅम धरलं. १०० मुलांवरून काढलेली तिसऱ्या सेंटाइलची रेघ सुमारे ३९ ग्रॅम वर किंवा खाली असू शकते. ४०० मुलं असतील तर २० ग्रॅम. चौपट बाळांनी चूक निम्मी. सरासरीची रेघ थोड्या बाळांतही बरी येते. पण डॉक्टर निर्णय घेतात तो कडेच्या रेघेवर, आणि तिथेच आधार सर्वांत विरळ.

या काळात दूध-पोषणाचीही रोजची नोंद लागते. युरोपातल्या २०२२ च्या शिफारशीत या बाळांना दिवसाला किलोमागे साडेतीन ते चार ग्रॅम प्रथिनं आणि ११५ ते १४० किलोकॅलरी सांगितल्या आहेत. १९९९ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या मोठ्या अभ्यासात २४ ते २९ आठवड्यांची बहुतेक बाळं घरी जाताना आपल्या वयाच्या मध्यरेघेखाली होती. त्या रेघांमध्ये त्या काळचं पोषण मुरलेलं आहे. तक्त्यात घेतलेलं बाळ किती प्रथिनांवर वाढलं हे माहीत नसेल, तर तक्ता बाळाची वाढ दाखवतो की त्या युनिटच्या पोषणाची पद्धत, ते सांगता येत नाही.

शेवटच्या टोकाला दुसरा सापळा. बरी झालेली बाळं ३५-३६ आठवड्यांना घरी जातात. ३९ आठवड्यांनाही ज्यांचं वजन रुग्णालयात होतंय ती ऑक्सिजनवरची, दूध न पचणारी बाळं. फक्त रुग्णालयातले आकडे घेतले तर ३६ नंतर सगळ्या रेघा मान टाकतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं की बाळं इथे मंदावतात. सुरुवातीला याच्या उलट होतं: अगदी लहान बाळं पहिल्या आठवड्यातच दगावतात आणि नंतरची सरासरी वाचलेल्यांची होते. उपाय एकच. घरी गेलेल्या प्रत्येक बाळाला ठरलेल्या तारखांना त्याच काट्यावर आणि त्याच बोर्डावर बोलवायचं. गावी गेलेल्यांसाठी जवळच्या केंद्रात तपासलेला काटा ठेवायचा. प्रवासखर्च द्यायची तरतूद पहिल्याच बजेटात हवी, नंतर ती कुणी मंजूर करत नाही.

रेघा काढायचं गणित सगळ्यांना अवघड वाटतं. खरं तर ते सर्वांत सरळ. टिम कोल यांच्या एलएमएस पद्धतीत प्रत्येक वयाला तीन आकडे असतात: एम म्हणजे मध्यक, एस म्हणजे पसारा, एल म्हणजे वितरणाचा कल. बाळाचं वजन एमने भागायचं, त्याचा एलवा घात घ्यायचा, एक वजा करायचा आणि एल-एसच्या गुणाकाराने भागायचं. आला तो झेड स्कोअर, म्हणजे बाळ मध्यकापासून किती पसारे वर किंवा खाली आहे तो आकडा. हे तीन आकडे वयासोबत गुळगुळीत कसे सरकवायचे ते गॅमलएसएस या पद्धतीच्या आर भाषेतल्या पॅकेजने होतं. सगळी मेहनत गुळगुळीतपणा किती ठेवायचा यात. फार ठेवला तर पहिल्या आठवड्यातला उतारच पुसला जातो. कमी ठेवला तर ३१ व्या आठवड्यात रेघेला टेंगूळ येतं आणि त्या आठवड्यात सगळी बाळं सुस्तावली असं वाटतं. अळीसारख्या दिसणाऱ्या वर्म प्लॉटवर वयाचा प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा. अळी आडवी झोपलेली असेल तर ठीक, वाकली तर एल किंवा एसला अजून मोकळीक हवी. दोन्ही टोकांना ही पद्धत बहकते. २३ आठवड्यांची रेघ विश्वासाची हवी असेल तर २२ ची बाळंही आत लागतात, छापली नाहीत तरी.

५० आठवड्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याशी सांधा जुळवायचा. तिथलं वय पूर्ण दिवसांच्या बाळाच्या जन्मापासून मोजलेलं, म्हणजे आपले ५० आठवडे तिथले १०. बाळाचा झेड स्कोअर एका तक्त्यावरून दुसऱ्यावर जाताना उडी मारत असेल, तर ४० ते ५० मधला तुकडा पुन्हा काढायचा. एक चाचणी आम्ही हमखास करतो: मध्यरेघेवरून दर आठवड्याचा वाढीचा वेग काढून पाहायचा. ७५० ग्रॅमचं बाळ सात दिवसांत ८३५ झालं, तर दोन वजनांच्या भागाकाराचं नैसर्गिक लॉगॅरिदम, गुणिले हजार, भागिले सात: दिवसाला किलोमागे १५.३ ग्रॅम. मध्यरेघेवरचा वेग एखाद्या आठवड्यात २५ ला गेला किंवा ८ ला आला तर चूक बाळात नाही, रेघेत आहे.

मग दुसऱ्याच युनिटातली, तक्त्यात न वापरलेली बाळं आणून मांडायची. तिसऱ्या रेघेखाली शंभरातली तीनच्या आसपास यायला हवीत. बारा आली तर दोन शक्यता: त्या युनिटातली बाळं खरंच लहान, किंवा आपली निवड फार लाडावलेली. इथे आपल्याकडचा जुना वाद डोकं वर काढतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिक यांच्या गटाने खेड्यांतली पूर्ण दिवसांची बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली, तेव्हा सरासरी वजन २.७ विरुद्ध ३.५ किलो होतं, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकलेली. नुसतं वजन बघून ‘लहान, म्हणून खूप भरवा’ म्हणणं किती योग्य, ही शंका तेव्हापासूनची. अठ्ठावीसच्या आतल्या बाळांना तीच मोजपट्टी लावताना आम्ही लांबी आणि डोक्याचा घेर वजनाच्या शेजारीच छापतो, वेगळ्या पानावर नाही.

छपाईतही चुका होतात. उभ्या रेघा आठवड्याच्या असल्या तर सिस्टर २५ आठवडे ४ दिवसांचं टिंब हटकून २५ वर किंवा २६ वर टाकते. म्हणून दोन आठवड्यांमध्ये सहा बारीक रेघा हव्यात. वजनाचा अक्ष खालच्या बाजूला ५० ग्रॅमचा आणि वर १०० चा ठेवला तर जागा वाचते, पण डोळा फसतो. सगळीकडे एकच माप ठेवावं. मुलगा-मुलगी वेगवेगळी पानं, वेगळ्या रंगांत. वरच्या कोपऱ्यात तीन चौकटी: पूर्ण आठवडे, वरचे दिवस, आणि तारीख कशावरून धरली. तिसरी चौकट रिकामी असलेलं पान नोंदीसाठी परत आलं की आम्ही ते तसंच वॉर्डात परत पाठवतो.